टक्का कशाचा, ते आधी विचारा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावीला संभाव्यतेचं प्रकरण झालं होतं, पण फासे, पत्ते आणि पिशवीतले लाल-निळे चेंडू यापलीकडे काही आठवत नाही. आता वडिलांनी सरसकट तपासण्यांचं पॅकेज केलं, त्यात एक कॅन्सर मार्कर, म्हणजे कॅन्सरचा इशारा देणारा रक्तातला घटक, वाढलेला निघाला. लॅबमध्ये सांगितलं, ‘चाचणी ९५ टक्के अचूक आहे.’ घर घ्यायचं म्हणून सिंहगड रस्त्याला नदीजवळ एक फ्लॅट पाहिला. एजंट म्हणाला, ‘पाणी २५ वर्षांतून एकदा येतं, काळजी करू नका.’ धाकटी बहीण सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करते. पुस्तकातली संभाव्यता या सगळ्यात लागू होते का, आणि कशी?

होते, आणि फार अवघड गणितही लागत नाही. अपूर्णांकांचा गुणाकार येत असेल तर पुरे. मी संख्याशास्त्राची. आधी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मालाची नमुना तपासणी केली, नंतर वैद्यकीय संशोधनाची आकडेमोड करत आले. दोन्हीकडे एकच अनुभव: लोक अंशाकडे बघतात आणि छेद गृहीत धरतात. संभाव्यता म्हणजे ‘इतक्यांपैकी इतके’. फाशाच्या गणितात ‘इतक्यांपैकी’ हा भाग आयता मिळतो, सहा बाजू, सहाही सारख्या. आयुष्यात तो आपणच शोधावा लागतो. टक्का ऐकला की पहिला प्रश्न ‘कशाचा?’ हाच हवा. तुमचे तिन्ही प्रश्न तिथेच अडलेत.

वडिलांच्या रिपोर्टपासून सुरुवात करू, कारण घरात त्याचीच धास्ती असणार. ‘९५ टक्के अचूक’ ऐकल्यावर तुम्हाला वाटलं असेल की वडिलांना आजार असण्याची शक्यता ९५ टक्के. तसा अर्थ होत नाही. त्या वाक्याचा साधारण अर्थ असा की, आजार नसलेल्या १०० जणांची चाचणी केली तर ९५ जणांचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि ५ जणांचा उगाचच वाढलेला येतो. म्हणजे तिथला छेद निरोगी माणसांचा आहे. तुम्हाला हवा आहे तो छेद वेगळा: ज्यांचा रिपोर्ट वाढलेला आला, त्यांच्यापैकी खरोखर आजारी किती?

कागद घ्या आणि १००० माणसं मांडा. तुमच्या वडिलांच्या वयाची, कसलीही तक्रार नसलेली, केवळ पॅकेज होतं म्हणून तपासणीला आलेली. आकडे मी समजावण्यापुरते घेते, खरे आकडे डॉक्टरांना विचारा. धरा, या १००० पैकी १० जणांना तो आजार खरंच आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्के लोकांना पकडते, म्हणजे १० पैकी ९ सापडले, एक सुटला. उरले ९९० निरोगी. त्यांच्यातल्या ५ टक्क्यांचा रिपोर्ट वाढलेला, म्हणजे सुमारे ५० जण. आता लॅबच्या बाहेर वाढलेला रिपोर्ट हातात घेऊन ९ अधिक ५० अशी ५९ माणसं उभी आहेत. त्यांच्यापैकी आजारी ९. म्हणजे सुमारे १५ टक्के. ९५ आणि १५ यांत केवढा फरक आहे, आणि चाचणी तीच.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली, १५ टक्के म्हणजे ‘काही नाही’ असं समजून रिपोर्ट कपाटात ठेवू नका. चाचणीआधी शक्यता १ टक्का होती, ती पंधरापट झाली आहे. डॉक्टर दुसरी, वेगळ्या प्रकारची तपासणी सांगतात ती याचसाठी. त्या ५९ जणांचीच तेवढ्याच क्षमतेची दुसरी चाचणी केली, तर ९ आजाऱ्यांपैकी सुमारे ८ जणांचा रिपोर्ट पुन्हा वाढलेला येईल आणि ५० निरोगी माणसांपैकी फक्त अडीच-तीन जणांचा. आता दोन्ही रिपोर्ट वाढलेले असणाऱ्यांत आजाराची शक्यता ७५ टक्क्यांच्या आसपास जाते. मात्र दुसरी चाचणी खरोखर वेगळी हवी. तीच चाचणी तशीच पुन्हा केली आणि वडिलांच्या शरीरात तो मार्कर दुसऱ्याच कुठल्या कारणाने वाढलेला असेल, तर ती पुन्हा तेच सांगेल. स्वतंत्र घटनांचाच गुणाकार करता येतो, हे पुस्तकातलं वाक्य इथे कामाला येतं.

दुसरी गोष्ट, माझी १००० माणसं ‘तक्रार नसलेली’ होती. वडिलांना काही लक्षणं असतील, वजन उतरत असेल, घरात तो आजार कुणाला झालेला असेल, तर ते या हजारांत बसतच नाहीत. ते दुसऱ्या हजारांतले. समजा लक्षणं असलेल्या १००० पैकी ३०० जणांना आजार असतो. मग चाचणी २७० जणांना पकडते, ७०० निरोग्यांपैकी ३५ जणांना उगाच घाबरवते, आणि वाढलेल्या रिपोर्टचा अर्थ ८८ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून डॉक्टर रिपोर्ट बघायच्या आधी ‘काय होतंय?’ विचारतात. त्या प्रश्नाने ते छेद ठरवत असतात. या हिशेबामागचा नियम इंग्लंडमधल्या थॉमस बेझ या धर्मोपदेशकाचा. त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये तो छापून आला. सूत्र पाठ नसलं तरी चालेल, पण १००० माणसं कागदावर मांडायची सवय मात्र लावून घ्या. टक्केवारीत भल्याभल्यांचा गोंधळ होतो, माणसं मोजायला लागलं की शाळकरी मुलालाही उत्तर दिसतं.

आता तुमच्या बहिणीकडे येते. सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठेतून चालत गेलं की भिंतीभर फोटो दिसतात: निवड झालेल्यांची नावं, पदं, आणि खाली ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’. मुलं गावाकडून येतात, ते फोटो बघून फी भरतात. तो सगळा अंश आहे. छेद कुठेही लिहिलेला नसतो. त्या वर्षी त्या क्लासला किती जणांनी प्रवेश घेतला? निवड झालेला मुलगा तिथे पूर्ण वर्ष शिकला, की फक्त मुलाखतीच्या सरावाला दोन दिवस आला? एकच चेहरा तीन क्लासच्या फलकांवर असेल, तर तो तीनदा मोजला गेला. यशस्वी उमेदवारांच्या मुलाखतींचंही तसंच. ‘मी रोज १२ तास अभ्यास केला’ हे खरं असतं, पण १२ तास अभ्यास करून यादीत न आलेल्यांची मुलाखत कोणी घेत नाही. त्यामुळे १२ तासांनी शक्यता किती वाढते, हे त्या मुलाखतींवरून काढताच येत नाही.

राज्यसेवेला अर्ज लाखांच्या घरात येतात आणि पदं शेकड्यांत असतात. पण म्हणून बहिणीला ‘तुझी शक्यता हजारात दोन-तीन’ असं सांगू नका. तो छेद अर्ज भरणाऱ्या सगळ्यांचा आहे, त्यात फॉर्म भरून परीक्षेला न बसलेलेही आले. तिची शक्यता बघायची तर तिच्यासारखे उमेदवार घ्या: पूर्वपरीक्षा पार केलेले, मुख्य परीक्षेत कटऑफच्या इतक्या जवळ आलेले. दर प्रयत्नाने ही माहिती वाढते. पूर्वपरीक्षा सहज निघते आणि मुख्य परीक्षेत थोडक्यात जातं, अशा मुलीची पुढच्या वेळची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा बरी. चारदा पूर्वपरीक्षेतच थांबलेल्याचं चित्र वेगळं. फासा मागची फेक विसरतो, परीक्षा देणारा माणूस विसरत नाही. त्यामुळे ‘एवढे प्रयत्न झाले, आता होणारच’ हेही चूक आणि ‘इतक्यांदा नाही झालं, म्हणजे होणारच नाही’ हेही चूक. गुणपत्रिका बघा आणि त्यावरून नवा अंदाज बांधा. मला वाटतं, प्रत्येक प्रयत्नानंतर घरच्यांनी तिच्यासोबत बसून हे शांतपणे करावं. पेठेतल्या खोल्यांमध्ये वयाची विशी-पंचविशी घालवणाऱ्या मुलामुलींना हा हिशेब कोणी मांडून देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘आता होणारच’ या भ्रमाचं सगळ्यात दुखरं रूप आपल्याकडे मुलांच्या बाबतीत दिसतं. तीन मुली झाल्या, आता चौथा मुलगाच. चौथ्या वेळी मुलगा होण्याची शक्यता पहिल्या वेळी होती तेवढीच, निम्म्याच्या आसपास. चार मुली होण्याची शक्यता १६ त १ हे खरं, पण ते चौघींच्या आधी काढलेलं गणित. तीन झाल्यानंतर त्यातल्या १६ पैकी १४ शक्यता केव्हाच बाद झाल्या, उरल्या दोन: तीन मुली आणि एक मुलगा, किंवा चौघी मुली. म्हणजे दोनात एक. आणि मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्रपेशीवर ठरतं, आईचा त्यात काही हात नसतो. सातारा जिल्ह्यात मुलींना ‘नकुशी’ नाव ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होईल या समजुतीने. २०११ मध्ये तिथे अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, एवढी एक गोष्ट न कळल्यामुळे माणसं केवढं ओझं पोरींवर टाकतात! म्हाडाच्या सोडतीचंही गणित तेच. दर सोडतीत ५० त १ शक्यता असेल, तर पाच वेळा अर्ज करून किमान एकदा घर लागण्याची शक्यता १० टक्क्यांच्या जरा आत, आणि सहाव्या वेळी पुन्हा ५० त १.

पावसाच्या अंदाजावरून पुण्यात रोज वाद होतात, आणि हवामान खात्याचं शिवाजीनगरचं कार्यालय तर आपल्या शहरातच आहे. १९२८ मध्ये ते सिमल्याहून इथे आलं, म्हणून त्या चौकाला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ खात्याच्या भाषेत ठरलेला आहे: त्या भागातल्या एकूण केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. म्हणजे छेद ठिकाणांचा आहे. पाषाणला झोडपलं आणि लोहगाव कोरडं राहिलं, तर अंदाज चुकला असं होत नाही. ‘पुणे जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट’ ऐकलं की तो घाटमाथ्यासाठी आहे का शहरासाठी, हे वाचा. ताम्हिणी आणि हडपसर एकाच जिल्ह्यात आहेत. आणि ७० टक्के शक्यता सांगून पाऊस नाही पडला, तर त्या एका दिवसावरून अंदाज खोटा ठरत नाही. ७० टक्के सांगितलेले सगळे दिवस एकत्र करा आणि त्यांतल्या किती दिवशी पडला ते मोजा. दहात सातच्या आसपास आला, तर अंदाज चोख.

बसची गोष्ट मला फार आवडते, कारण तिथे दोन्ही बाजू खऱ्या असतात. समजा स्वारगेटहून कात्रजकडे एका मार्गावर सरासरी दर १५ मिनिटांनी बस आहे. प्रवासी म्हणतात, आम्ही तर कायम जास्तच थांबतो. धरा, वाहतुकीमुळे बसमधलं अंतर एकदा ५ मिनिटं, एकदा २५ मिनिटं असं पडतं. सरासरी १५ च. पण तुम्ही थांब्यावर कुठल्याही मिनिटाला पोचता. तासातली ५० मिनिटं २५ वाल्या अंतरांत जातात आणि फक्त १० मिनिटं ५ वाल्या अंतरांत. म्हणजे सहा वेळा गेलात तर पाच वेळा लांब अंतरातच सापडणार, आणि तिथे सरासरी साडेबारा मिनिटं थांबणार. एकूण सरासरी थांबणं येतं ११ मिनिटांच्या जरा आत. बस नेमक्या दर १५ मिनिटांनी आल्या असत्या, तर ते साडेसात असतं. नियंत्रकाचा छेद बसचा, तुमचा छेद मिनिटांचा. त्यामुळे बस न वाढवताही, त्या एकामागोमाग एक न येता समान अंतराने आल्या, तर लोकांचा वेळ वाचतो. शहराच्या वाहतुकीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने हा छोटा हिशेब एकदा करून बघावा.

वाढदिवसांचं कोडं तुम्ही ऐकलं असेल: २३ जणांच्या गटात कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. आश्चर्य वाटतं, कारण आपण ‘माझ्याशी कोणाचा जुळतो’ असा विचार करतो. मोजायच्या असतात जोड्या, आणि २३ जणांत त्या २५३ होतात. ४० जणांच्या वर्गात शक्यता ८९ टक्क्यांवर जाते. पण हे सगळं ३६५ दिवस सारखे मानून. तुमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाची यादी काढा, १ जून जन्मतारखेचे लोक ढिगाने सापडतील. जन्माची नोंद नव्हती, शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकली. त्या यादीवर पुस्तकातलं सूत्र चालणार नाही. सगळ्या शक्यता सारख्या आहेत का, हे तपासल्याशिवाय भागाकार करू नका, एवढ्यासाठी हे उदाहरण दिलं.

नमुना तपासणी हा माझ्या पोटापाण्याचा विषय, म्हणून त्याबद्दल थोडं. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यात सगळ्या शितांना वाफ सारखी लागलेली असते. आंब्याच्या पेटीचं तसं नाही. मार्केट यार्डात पेटी उघडून दाखवतात तेव्हा वरचा थर दिसतो, आणि वरचा थर कोणी सहज हाताला येईल तसा लावलेला नसतो. तुम्ही वरून, मधून, खालून असे कुठलेही तीन आंबे काढून बघितलेत असं समजा. पेटीत ४८ आंबे आहेत आणि ५ खराब आहेत. तिन्ही चांगले निघण्याची शक्यता ७१ टक्के. म्हणजे तुम्ही समाधानाने पैसे द्याल. १२ खराब असले, म्हणजे पाव पेटी, तरीही तिन्ही चांगले निघण्याची शक्यता ४१ टक्के राहते. छोट्या नमुन्यात काही सापडलं नाही, यावरून माल चोख आहे असं म्हणता येत नाही. थोडं बघून सगळ्याचा अंदाज बांधायची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारतातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाच्या दोन मोठ्या फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत असं सांगतो, नळ उतरून मोजतो आणि ते बरोबर निघतं. आणि तोच राजा नळाला फाशांची विद्या देतो. द्यूत आणि मोजणी यांचा संबंध त्या कथेत एकत्र यावा, हे मला विलक्षण वाटतं. युरोपात ज्यापासून संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात मानतात, तो पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांचा अर्ध्यावर थांबलेल्या डावाबद्दलचा पत्रव्यवहार १६५४ चा.

‘सापडलं नाही म्हणजे नाहीच’ हीच चूक हेल्मेटच्या वादात होते. ‘वर्षभर कोथरूडहून कॅम्पात गाडीवर जातो, काही झालं नाही.’ समजा वर्षात ६०० फेऱ्या झाल्या आणि एकही अपघात नाही. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम आहे: काहीच घडलं नसेल, तर ३ ला फेऱ्यांच्या संख्येने भागा. ३ भागिले ६००, म्हणजे २०० त १. या वर्षभराच्या अनुभवावरून तुम्ही खात्रीने एवढंच म्हणू शकता की दर फेरीतला धोका २०० त १ पेक्षा बहुधा कमी असावा. पण दर फेरीला २०० त १ धोका म्हणजे वर्षाला सरासरी तीन अपघात! इतक्या भयंकर धोक्यालाच तुमचा अनुभव जेमतेम बाद करू शकतो. खरा धोका त्याहून खूप लहान आहे आणि तो एका माणसाच्या अनुभवात दिसणारच नाही, तो लाखो लोकांच्या फेऱ्या एकत्र केल्यावरच दिसतो. ‘हेल्मेट घातलेलेही जातात’ हे वाक्यही अर्धंच. घातलेल्यांपैकी किती, न घातलेल्यांपैकी किती, हे दोन छेद शेजारी ठेवल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. हेल्मेट घाला, आणि मागे बसणाऱ्यालाही घालायला लावा.

आता फ्लॅट. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण पैसा मोठा आहे आणि एजंटचं वाक्य अर्धवट आहे. नदीकाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘२५ वर्षांतून एकदा’ हे ऐकून असं वाटतं की एकदा येऊन गेला की पुढची २४ वर्षं निर्धास्त. त्याचा खरा अर्थ असा की दर पावसाळ्यात तेवढं पाणी येण्याची शक्यता २५ त १, म्हणजे ४ टक्के. दर वर्षी. गेल्या वर्षी आलं तरी यंदा ४ टक्के.

तुमचं कर्ज २० वर्षांचं असेल. एकाही वर्षी पाणी न येण्याची शक्यता काढायची तर ०.९६ ला २० वेळा गुणा. उत्तर येतं ०.४४. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत किमान एकदा त्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के, निम्म्याहून जास्त. दोन किंवा जास्त वेळा येण्याची शक्यताही १९ टक्के आहे. इमारत निळ्या रेषेच्या बाहेर पण लाल रेषेवर असेल, तर २० वर्षांत किमान एकदाची शक्यता १८ टक्के. एजंटने वर्षाचा टक्का सांगितला आणि तुम्ही तो आयुष्याचा समजलात. छेद बदलला की ४ चे ५६ होतात.

आणि हे ४ टक्केसुद्धा मागच्या नोंदींवरून काढलेले. खडकवासल्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं आहेत. त्यामुळे शहरातलं पाणी पावसाबरोबर विसर्ग कसा सोडला जातो यावरही ठरतं, शिवाय खडकवासल्याच्या खाली पडलेला पाऊस थेट नदीत येतो. पात्र अरुंद झालं, भराव पडले, तर तेवढ्याच विसर्गाला पाणी जास्त चढतं आणि जुनी शक्यता तशीच राहत नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, ते तुम्ही पाहिलंच असेल. काही धोके तर नदीच्या रेषांत मोजलेलेच नसतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने किती घरं उद्ध्वस्त झाली, माणसं गेली, आणि ती ओढ्याकाठची होती. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर म्हणजे तर धरणच फुटलं होतं, तो कोणत्याही २५ किंवा १०० वर्षांच्या गणितात बसत नाही. म्हणून फ्लॅट नदीपासून लांब असला, तरी जवळ ओढा-नाला आहे का ते बघाच.

एवढ्यावरून मी ‘घेऊ नका’ म्हणणार नाही. शक्यतेला नुकसानीने गुणायचं, मग ठरवायचं. चौथ्या मजल्यावरच्या घरात पाणी येणार नाही, पण पार्किंगमधल्या गाड्या, लिफ्टची मशिन, मीटरची खोली, पाण्याची टाकी हे सगळं खाली असतं. समजा पूर आला तर तुमच्या वाट्याला गाडी आणि सोसायटीची वर्गणी मिळून ३ लाखांचं नुकसान. दर वर्षी ४ टक्के, म्हणजे सरासरी वर्षाला १२,००० रुपये. हा त्या जागेचा न दिसणारा मेंटेनन्स आहे. तळमजल्यावर राहायचं असेल, तर नुकसान कितीतरी मोठं, आणि घरात हालचाल न करता येणारं म्हातारं माणूस असेल, तर रुपयांत गुणाकार करूच नका. तिथे माझं मत स्पष्ट आहे: निळ्या रेषेच्या आत तळमजला नको, भाव कितीही उतरलेला असो.

पुढच्या वेळी जागा बघायला जाल तेव्हा महापालिकेच्या विकास आराखड्यावर त्या सर्व्हे नंबरवरून पूररेषा कुठून जाते ते पाहून जा. २०२४ च्या जुलैत पार्किंगमध्ये किती पाणी होतं, हे एजंटला विचारू नका. वॉचमनला विचारा, समोरच्या किराणावाल्याला विचारा, दोघांची उत्तरं जुळतात का बघा. सोसायटीने इमारतीचा विमा उतरवला आहे का आणि त्यात पूर धरला आहे का, हे सेक्रेटरींकडून लेखी घ्या. मग वर्षाचे ते १२,००० किंवा तुमचा जो काही आकडा निघेल तो, २० वर्षांचा धरून, समोर ठेवा आणि बिल्डरशी भावाचं बोला.